दोनदा शिजवलेला भात

तेवढ्याच तांदळाचा भात दुप्पट दिसावा अशी एक कृती आहे. तांदूळ आधी नुसता वाफवून घ्यायचा. मग त्यात भरपूर पाणी घालून पुन्हा वाफेवर ठेवायचा. दाणा टम्म फुगतो, पातेले काठोकाठ भरते आणि ताटात वाढल्यावर ढीग दिसतो. १९६० साली चीनमध्ये या कृतीची सरकारी मोहीम निघाली होती. सार्वजनिक भोजनगृहांतल्या आचाऱ्यांना ती शिकवली गेली आणि वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक छापले.

स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही यातली गोम कळेल. तांदळातला स्टार्च गरम झाला की पाणी धरतो. जास्त वेळ, जास्त पाणी दिले की जास्त धरतो. पण शंभर ग्रॅम तांदळात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, त्या एकदा वाफवा नाहीतर दहादा, तेवढ्याच राहतात. वाढते ते फक्त पाणी. पोट ताणले जाते, मेंदूला काही वेळ ‘जेवलो’ असा निरोप जातो आणि तासाभरात माणूस लघवीला जाऊन पुन्हा भुकेला होतो. ही कृती शिकवणारे सगळेच मूर्ख होते असे मला वाटत नाही. कोठारात धान्य नाही, हे सांगण्यापेक्षा भात फुगवणे सोपे होते, एवढेच.

पासष्ट कोटी लोकांचा देश या अवस्थेला आला कसा, याचे उत्तर शेतात सुरू होत नाही. ते पोलादाच्या भट्टीत सुरू होते.

नोव्हेंबर १९५७ मध्ये मॉस्कोला गेलेल्या माओ त्से तुंग यांनी जाहीर केले, की पंधरा वर्षांत पोलाद आणि इतर प्रमुख औद्योगिक उत्पादनांत चीन ब्रिटनला मागे टाकेल. त्या वर्षी चीनचे पोलाद उत्पादन होते ५३.५ लाख टन. पुढच्या वर्षी, म्हणजे १९५८ मध्ये, ऑगस्टच्या बैठकीत ठरले की याच वर्षी ते दुप्पट, १ कोटी ७ लाख टन व्हायला हवे. तेव्हा वर्ष संपायला चार महिने उरले होते आणि लक्ष्याचा मोठा हिस्सा अजून बाकी होता. नवे कारखाने चार महिन्यांत उभे राहत नाहीत. म्हणून गावोगाव, शाळांच्या आवारात, अगदी रुग्णालयांच्या अंगणातही विटा-मातीच्या छोट्या भट्ट्या उभ्या राहिल्या. सरकारी सांगण्यानुसार नऊ कोटी माणसे या कामाला लागली. याच धोरणाला ‘मोठी झेप’ असे नाव होते.

इथे थोडे धातुशास्त्र पाहू. खनिजात लोखंड प्राणवायूशी घट्ट बांधलेले असते. ते सोडवायचे तर कोक नावाचा शुद्ध केलेला कोळसा, चुनखडी आणि दीड हजार अंशांच्या जवळची सलग उष्णता लागते. इतके करूनही जे बाहेर येते ते पोलाद नव्हे, बीड. त्यात कार्बन चार टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून ते कठीण पण ठिसूळ. बिडाचा तवा हातातून पडला की फुटतो, तो याचमुळे. पोलादासाठी हा कार्बन मोजून खाली आणावा लागतो, शिवाय गंधक आणि फॉस्फरस काढावे लागतात. हाताने चालवलेला भाता, चिखलाची भट्टी, लाकडाचा किंवा मिळेल तो गंधकयुक्त कोळसा यांनी यातले काहीच साधत नाही. जिथे खनिजच नव्हते तिथे लोकांनी घरातल्या कढया, कुलपे, बिजागऱ्या, खिडक्यांचे गज वितळवले. म्हणजे चांगली वापरातली वस्तू भट्टीत गेली आणि मळीने भरलेला, सच्छिद्र गोळा बाहेर आला. सरणासाठी डोंगर बोडके झाले. वर्षअखेरीस १ कोटी १० लाख टनांचा आकडा जाहीर झाला. त्यातले सुमारे ३० लाख टन कोणत्याही उपयोगाचे नव्हते, हे पुढे सरकारनेही मान्य केले.

वाया गेलेले लोखंड हे या गोष्टीतले सर्वांत स्वस्त नुकसान. खरी किंमत हातांची होती. १९५८ चे पीक चांगले होते. पण कापणीच्या दिवसांत तरणी माणसे भट्ट्यांवर, धरणांवर आणि कालव्यांवर होती. शेतात म्हातारी माणसे, बायका आणि पोरे. रताळी जमिनीत सडली, भात उभ्या जागी झडला. याच वर्षी सरकारी उद्योगांत आणि आस्थापनांत काम करणाऱ्यांची संख्या सुमारे अडीच कोटींवरून साडेचार कोटींवर गेली. शेतातून दोन कोटी जोडी हात उठले आणि शहरात रेशनवर खाणारी दोन कोटी तोंडे वाढली, तीही एका वर्षात.

आणि त्याच वेळी कागदावर धान्य वाढत होते.

कम्यून म्हणजे अनेक गावे मिळून केलेली एक सामुदायिक शेती-व्यवस्था. खासगी जमीन नाही, घरची चूल नाही, सगळ्यांनी सार्वजनिक भोजनगृहात जेवायचे. या कम्यूनांत उताऱ्याची चढाओढ लागली. ग्वांग्शी प्रांतातल्या ह्वानजियांग तालुक्याने सप्टेंबर १९५८ मध्ये जाहीर केलेला भाताचा उतारा आपल्या मापात मांडून पाहिला, तर एकरी जवळजवळ चार हजार क्विंटल येतो. कोकणात किंवा भंडाऱ्याकडे एकरी वीस क्विंटल आले तरी शेतकरी समाधानी असतो. युक्ती साधी होती: अनेक शेतांतले तयार पीक उपटून एकाच तुकड्यात दाटीने खोचायचे, मग फोटो काढायचे. त्या काळातल्या छायाचित्रांत मुले भाताच्या लोंब्यांवर उभी दिसतात.

या बनावाला विज्ञानाची साथ मिळाली, ही विज्ञानाच्या सदरात सांगायलाच हवी अशी गोष्ट आहे. चीनच्या अग्निबाण कार्यक्रमाचे जनक मानले जाणारे चिएन शुएसेन यांनी जून १९५८ मध्ये एका युवक-दैनिकात हिशेब मांडला. जमिनीवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशातली तीस टक्के ऊर्जा पिकाने वापरली, तर उतारा तेव्हाच्या वीसपट होऊ शकेल, असा त्याचा मथितार्थ होता. गुणाकार बरोबर होता. पण प्रकाशसंश्लेषण म्हणजे अग्निबाणाचे इंजिन नव्हे. भातासारखी वनस्पती, सगळे काही अनुकूल असले तरी, साडेचार टक्क्यांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. प्रत्यक्ष शेतात एक-दोन टक्के साधले तरी खूप. वनस्पतिशास्त्राच्या कुठल्याही प्राध्यापकाला हे माहीत होते. पण आदल्याच वर्षी, मोकळेपणाने बोला असे सांगून मग बोललेल्या लाखो सुशिक्षितांवर ‘उजवे’ असा शिक्का मारला गेला होता. प्राध्यापक गप्प राहिले. भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या क्षेत्राबाहेर एक गुणाकार करावा आणि ज्यांचे ते क्षेत्र आहे त्यांनी तोंड उघडू नये, हे चित्र मला त्या चार हजार क्विंटलांपेक्षाही भयंकर वाटते.

रोपे दाट लावा, जमीन खोल नांगरा, असे सोव्हिएत शास्त्रज्ञ लिसेंकोच्या वळणाचे आदेशही वरूनच आले. एकाच जातीची रोपे एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत, असे त्यामागचे तत्त्व. दाट लावलेली रोपे पिवळी पडून मेली. चिमण्या धान्य खातात म्हणून त्या मारल्या गेल्या. चिमण्या किडेही खातात हे पक्षिशास्त्रज्ञांनी सांगितले, आणि १९६० मध्ये शत्रूंच्या यादीत चिमणीच्या जागी ढेकूण आला.

१९५८ चे धान्य उत्पादन प्रथम ३७ कोटी ५० लाख टन जाहीर झाले. नंतर ते २५ कोटींवर आणले गेले, आणि पुढच्या काळात दुरुस्त केलेला आकडा आहे २० कोटी. पण सरकारी वसुली फुगवलेल्या आकड्यावर ठरली होती. १९५९ मध्ये उत्पादन १७ कोटी टनांवर घसरले आणि त्यातले जवळपास ४० टक्के सरकारने उचलले. काही भाग खेड्यांना परत विकला गेला, हे खरे. पण शहरे आणि कारखाने पोसायचे होते, आणि यंत्रसामग्रीची व कर्जाची किंमत परदेशात धान्य पाठवून फेडायची होती. १९५९ मध्ये सुमारे ४२ लाख टन धान्य देशाबाहेर गेले. १९६० मध्ये पीक साडेचौदा कोटी टनांच्याही खाली आले.

आता शरीराकडे वळू.

त्या वर्षी चीनमध्ये माणशी दिवसाला सरासरी १५०० च्या आसपास कॅलरी उपलब्ध होत्या, असा लोकसंख्या-अभ्यासकांचा अंदाज आहे. हा आकडा वाचून कुणी म्हणेल, आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला एवढ्याच सांगितल्यात! म्हणून एका प्रयोगाची आठवण देतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे दिवसाला साधारण तेवढ्याच कॅलरींवर ठेवले. प्रत्येकाचे वजन सुमारे पावपट घटले. हृदयाचे ठोके मंदावले, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, पायांवर सूज आली. हसणे-बोलणे गेले, दिवसभर मनात फक्त अन्न. काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. या मंडळींना डोक्यावर छप्पर होते, डॉक्टर होते आणि प्रयोग संपण्याची तारीख माहीत होती. चीनमधले १५०० हे शहर आणि खेडे मिळून काढलेले सरासरी आकडे. शहरात रेशन होते. वसुली गेल्यावर जे उरेल ते खेड्याचे. त्यात हेनान किंवा आन्हुई प्रांतातल्या कम्यूनमध्ये भट्टी-धरणाची अंगमेहनत होती आणि भोजनगृहात मिळणारी पातळ कांजी होती.

उपासमारीत शरीर आधी यकृतातली साखर संपवते, ती दिवसभराची. मग चरबी. त्याबरोबर स्नायू झिजू लागतात, आणि हृदय व श्वासाचे स्नायूही त्यातच आले. पण चीनच्या खेड्यांत माणसे हाडकुळी दिसण्याआधी अनेकदा सुजलेली दिसली. पायावर बोट दाबले की खळगा पडतो आणि तसाच राहतो. प्रथिने आणि ऊर्जा तुटली की शरीराचे पाणी आणि क्षार राखण्याचे तंत्र बिघडते, पाणी ऊतकांत साचते. पातळ, खारट कांजीने पोट भरण्याची धडपड केली की ते आणखी साचते. सुजेमुळे वजनाची खरी घट लपते आणि चेहरा भरल्यासारखा वाटतो. चिनी दप्तरांत याला ‘सूज-रोग’ म्हटले गेले. हे नाव सोयीचे होते. रोग म्हटला की त्याला जंतू असू शकतो, साथ असू शकते, औषध असू शकते. ‘भूक’ हे निदान लिहिणारा डॉक्टर मात्र धोरणाविरुद्ध साक्ष देत होता, आणि त्याची किंमत मोजावी लागे. या आजाराचे औषध म्हणजे धान्य, हे तिथल्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक होते. चिठ्ठीवर ते लिहिता येत नव्हते.

बायकांच्या शरीरांनी आणखी एक नोंद केली. पाळी बंद होणे आणि अंग बाहेर येणे या दोन तक्रारी त्या वर्षांतल्या सरकारी आरोग्य अहवालांतही मोठ्या संख्येने सापडतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू गर्भाशयाला तोलून धरतात. बाळंतपणानंतर त्यांना विसावा आणि अन्न लागते. दोन्ही नसताना मातीच्या पाट्या आणि पाण्याची कावड खांद्यावर आली, की ते सुटतात. आपल्याकडेही खेड्यापाड्यांत काम केलेल्या दाया आणि डॉक्टरांना हे दुखणे चांगले परिचयाचे आहे.

दोनदा शिजवलेला भात याच काळातला. त्याच्या जोडीला ‘पर्यायी अन्ना’ची मोहीम निघाली: मक्याची ताटे आणि कणसांची बुरखुंडे दळून केलेले पीठ, झाडपाला, आणि क्लोरेला नावाचे शेवाळ. हे शेवाळ वाढवायला मूत्राचे खत वापरले जाई. क्लोरेलात प्रथिने असतात, पण त्याची पेशीभित्ती जाड, म्हणून नुसते खाल्ले तर बरेचसे पचत नाही. खेड्यांत लोकांनी झाडांच्या साली सोलल्या आणि एक पांढरी माती खाल्ली. ती पोटात घट्ट बसते आणि बाहेर पडत नाही. आणि कांजीसुद्धा घरी शिजवता येत नव्हती, कारण कढई दोन वर्षांपूर्वीच भट्टीत गेली होती.

घर सोडून जाणेही सोपे नव्हते. १९५८ च्या निवास-नोंदणी कायद्याने खेड्यातल्या माणसाला परवानगीशिवाय शहरात राहणे बंद केले होते. रस्त्यांवर आणि स्थानकांवर पहारे होते. पळणाऱ्यांना ‘भटके’ म्हणून पकडून परत आणले जाई. हेनानमधल्या शिनयांग भागात कोठारांत धान्य असताना दहा लाखांच्या आसपास माणसे मेली. तिथल्या टपाल खात्याने बारा हजार पत्रे अडवून ठेवली, बातमी बाहेर जाऊ नये म्हणून.

यांग जिशेंग तेव्हा हुबेई प्रांतात शाळेत होते. एप्रिल १९५९ मध्ये मोठ्या झेपेची स्तुती करणारे भित्तिपत्रक तयार करत असताना गावाकडचा मित्र धावत आला: वडील उपाशी आहेत, लवकर चल. यांग आपल्या वाट्याचे तीन दिवसांचे तांदूळ घेऊन घरी पोहोचले. दारातल्या झाडाची साल सोललेली होती. वडील अंथरुणावर, हात उचलण्याचेही त्राण नाही. भाताची पेज केली, पण ती त्यांना गिळता आली नाही. उपासमारीच्या शेवटच्या टप्प्यात असेच होते. अन्न येते तेव्हा ते घेणारे स्नायू उरलेले नसतात. तीन दिवसांनी ते गेले. यांग यांनी पुढची कित्येक वर्षे हे आपल्या घरचे दुर्दैव मानले. सरकारवर त्यांचा राग नव्हता; शेजारच्या जिल्ह्यातही असेच घडतेय, हे कळायला काही मार्गच नव्हता. पुढे ते सरकारी वृत्तसंस्थेत पत्रकार झाले आणि नव्वदच्या दशकात प्रांतोप्रांतीच्या दप्तरखान्यांतून त्यांनी हे सारे जमवले. त्यांचे पुस्तक २००८ मध्ये हाँगकाँगला निघाले. चीनमध्ये त्यावर बंदी आहे. त्यांचा अंदाज: ३ कोटी ६० लाख मृत्यू.

इतरांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत पसरले आहेत. एवढी तफावत का, आणि मुळात हे मोजले कसे? मेलेल्यांची नोंद अर्धवट होती, कधी मुद्दाम. मृताचे नाव लपवले तर घराला त्याच्या वाट्याची कांजी काही दिवस मिळे. पण जनगणना तीन झाल्या होत्या: १९५३, १९६४ आणि १९८२. मधली कित्येक वर्षे दाबून ठेवलेली होती, ती ऐंशीच्या दशकात खुली झाली. १९५३ मध्ये वीस वर्षांचे जितके होते, त्यातले १९६४ मध्ये एकतीस वर्षांचे किती उरायला हवे होते, हे नेहमीच्या मृत्युदरावरून काढता येते. १९८२ मध्ये लाखो स्त्रियांना विचारले गेले की तुम्हाला कोणत्या साली किती मुले झाली. जन्मलेली मुले आणि हयात सापडलेली मुले यांतला फरक म्हणजे दप्तरात नसलेले मृत्यू. अन्स्ली कोल यांच्यासारख्या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी याच वाटेने १९८४ मध्ये २ कोटी ७० लाखांचा आकडा मांडला. त्याच वर्षीचा दुसऱ्या एका गटाचा अंदाज ३ कोटी होता. ‘नेहमीचा’ मृत्युदर किती धरायचा, यावर अंदाज वर-खाली होतात. चीनच्या स्वतःच्या आकड्यांनुसारही मृत्युदर १९५७ मध्ये हजारी १०.८ होता, तो १९६० मध्ये २५.४ झाला, एकट्या आन्हुई प्रांतात ६८.६.

हजारी २५.४ हा आकडा जरा थांबून पाहायला हवा. १९५१ ते ६१ या दशकात, कोणताही दुष्काळ नसताना, भारताचा मृत्युदर हजारी २३ च्या आसपास होता. अमर्त्य सेन यांनी याच गोष्टीकडे दोन्ही बाजूंनी बोट दाखवले. निवडणुका आणि मोकळी वृत्तपत्रे असलेल्या देशात एवढा दुष्काळ तीन वर्षे लपून राहूच शकत नाही, हे त्यांचे म्हणणे बहुतेकांना माहीत असते. महाराष्ट्राचा १९७२-७३ चा दुष्काळ हे त्यांच्या आणि जाँ द्रेझ यांच्या लिखाणातले ठळक उदाहरण आहे. पीक चीनपेक्षाही अधिक बुडाले होते. पण वर्तमानपत्रांत रोज बातम्या, विधानसभेत गदारोळ, मोर्चे. आणि मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख मजूर. खडी फोडणारे ते हात, सुकडी आणि परदेशी लाल मिलोची भाकरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तो काळ सुखाचा वाटला नव्हता. पण चीनसारखी गावेच्या गावे ओस पडली नाहीत. सेन यांचे दुसरे म्हणणे आपण कमी उद्धृत करतो: भारतातली रोजची, बातमी न होणारी कुपोषणाची आणि आजारांची मरणे इतकी होती, की चीनच्या तुलनेतले जादा मृत्यू दर आठ वर्षांत त्या एका दुष्काळाएवढे भरत. आरडाओरडा दुष्काळावर चालतो, सवयीच्या भुकेवर चालत नाही.

चीनमध्ये आरडाओरडा करायला कुणी नव्हते असेही नाही. संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी जुलै १९५९ मध्ये लुशानच्या बैठकीत माओंना पत्र लिहून आकडे आणि भट्ट्या यांबद्दल शंका घेतली. त्यांचे पद गेले आणि त्यांच्या मताचा संशय असलेल्या लाखो कार्यकर्त्यांवर कारवाई झाली. सर्वाधिक माणसे त्यानंतरच्या बारा-पंधरा महिन्यांत मेली. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओची यांनी मान्य केले, की या आपत्तीचा तीन भाग निसर्गाचा आणि सात भाग माणसांचा, असे काही ठिकाणी शेतकरीच म्हणतात. तोवर ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातून गहू येऊ लागला होता, भोजनगृहे बंद झाली होती, शहरात आणलेल्या दोन कोटी माणसांना खेड्यात परत पाठवणे सुरू होते. पोलाद उत्पादन १९६० मध्ये १ कोटी ८६ लाख टनांवर गेले होते, ते १९६२ मध्ये ६७ लाखांवर उतरले.

मेलेल्यांचा हिशेब असा लागला. पण त्या वर्षांत आईच्या पोटात असलेल्यांचे काय झाले?

आन्हुई प्रांतातल्या वूहू इथल्या मनोरुग्णालयाच्या कित्येक वर्षांच्या नोंदी तपासून २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९५९ मध्ये जन्मलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचे प्रमाण ०.८४ टक्के होते. १९६० मध्ये जन्मलेल्यांत ते २.१५ आणि १९६१ मध्ये जन्मलेल्यांत १.८१ टक्के. म्हणजे दुपटीहून अधिक. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये पडलेल्या दुष्काळातल्या गर्भांबाबतही असाच दुपटीचा निष्कर्ष आधी निघाला होता. वंश, हवामान, आहार सगळे वेगळे असूनही दोन्ही ठिकाणी तेच दिसले, म्हणून संशोधकांचे कान टवकारले. गर्भधारणेच्या सुमारास फोलेटसारखे घटक कमी पडल्याने मेंदूच्या जडणघडणीत किंवा जनुकांच्या नियंत्रणात बदल होत असावेत, असा तर्क आहे. तो अजून सिद्ध व्हायचा आहे.

मधुमेहाबाबत मात्र जपून बोलायला हवे. गर्भात दुष्काळ सोसलेल्यांना पुढे मधुमेह अधिक होतो, असे सांगणारे अनेक चिनी अभ्यास २०१० नंतर आले. २०१७ मध्ये या अभ्यासांचा एकत्रित फेरआढावा घेणाऱ्यांनी एक साधी चूक दाखवली. दुष्काळात जन्मलेल्यांची तुलना दुष्काळानंतर जन्मलेल्यांशी केली होती, म्हणजे वयाने लहान असलेल्यांशी. वाढत्या वयात मधुमेह वाढतोच. वयाचा हा फरक काढून टाकला की बराचसा परिणाम ओसरतो. स्किझोफ्रेनियाचा धागा तुलनेने भक्कम राहतो. उंचीबाबतही अभ्यास आहेत. दुष्काळ पडला नसता तर १९५९ मध्ये जन्मलेली माणसे सरासरी तीन सेंटिमीटर उंच झाली असती, असे एक गणित सांगते. यातही एक मेख आहे. सर्वांत दुबळी मुले जगलीच नाहीत. जी मोजायला उरली ती मुळात चिवट होती, त्यामुळे जे नुकसान दिसते ते प्रत्यक्षापेक्षा कमीच असणार.

चीनच्या लोकसंख्येचा वयोगटानुसार काढलेला आलेख कधी पाहिलात, तर त्यात साठी ओलांडलेल्यांच्या रांगेत एक खोल खाच दिसेल. १९६१ मध्ये तिथे सुमारे १ कोटी २० लाख मुले जन्मली, आणि दोनच वर्षांनी, पोटात अन्न आल्यावर, जवळजवळ ३ कोटी. त्या खाचेची एक फिकी सावली पंचवीसेक वर्षांनी खाली पुन्हा उमटते, कारण जी जन्मलीच नाहीत त्यांना मुले कुठून होणार. आणि २०२१ मध्ये साठी गाठणाऱ्यांची संख्या चीनमध्ये एकाएकी कमी होती. २०२३ मध्ये ती दुपटीहून जास्त झाली. निवृत्तिवेतनाच्या आणि रुग्णालयांच्या नियोजनात या खाचेचा हिशेब तिथल्या अधिकाऱ्यांना आजही धरावा लागतो.